गोधडी धुवायला लावून पोर कोरडं होतं का? एका काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया एवढी सविस्तर आणि एवढी तळमळीची आहे की खाली नुसतं "धन्यवाद" लिहून मोकळं होणं मला जमणार नाही. म्हणून वेगळं लिहिते.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या पोराला मारू नका, रागवू नका, चारचौघांत त्याचा विषय काढू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर धुळे जिल्ह्यातले हे निवृत्त मुख्याध्यापक म्हणतात की हे सगळे शहरी लाड आहेत. त्यांच्या आईने सहा पोरं वाढवली आणि सगळी शाळेत जायच्या आत कोरडी झाली. आईचे उपाय असे: दिवेलागणीनंतर पाणी बंद, रात्री दोनदा उठवून मोरीत उभं करायचं, आणि तरी ओलं झालंच तर सकाळी ती गोधडी पोरानेच सगळ्यांच्या देखत विहिरीवर न्यायची. "लाज वाटली की सुटतं." सोबत तिळाचा लाडू. माझ्यासारख्यांच्या लिहिण्याने आळशी आयांना सबब मिळते, आणि यांची सून सात वर्षांच्या नातवाला कोणाला काही बोलूच देत नाही, अशी शेवटची तक्रार.

आधी तुमच्या आईबद्दल. दिवसभर कापूस वेचून आल्यावर रात्री दोनदा उठणाऱ्या बाईला मी काय शिकवणार? त्यांच्या मेहनतीबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हिशेब करून बघू, तुम्ही गणित शिकवायचात असं लिहिलंय म्हणून. पाच वर्षांची शंभर मुलं घेतली तर त्यातली साधारण पंधरा अजून रात्री ओलं करतात. म्हणजे पंच्याऐंशी कोरडी असतात, कोणी उठवो वा न उठवो. तुमच्या घरी सहा. सहाचे पंच्याऐंशी टक्के काढा, पाच येतात. पाच पोरं अशीही कोरडी झालीच असती. राहिलं एक. त्या एकाचं काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. आखाजीला बहिणी माहेरी आल्या की विचारा, कोणाचं अंथरूण शेवटी-शेवटी वेगळं टाकायचे. बहिणींना सगळं माहीत असतं.

पुढचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. सातव्या वर्षी शंभरातली दहाएक मुलं ओलं करतात, दहाव्या वर्षी पाचेक. मोठेपणीही शंभरात एखादा राहतोच. ओलं करणाऱ्या मुलांपैकी दर वर्षी साधारण पंधरा टक्के आपोआप थांबतात. त्या वर्षी ज्याने जे केलं असेल त्याला त्याचं श्रेय मिळतं. कोणी ताईत बांधला होता, कोणी लाडू दिला होता, कोणी छडी काढली होती. आपल्याकडच्या म्हाताऱ्या अहिराणीत म्हणतात तसं, "मोठा व्हयना म्हणजे थांबी जाई." या बाबतीत बरेचदा त्यांचंच खरं ठरतं.

तुम्ही पस्तीस वर्षं शाळेत होता. दुसरीच्या चाळीस पोरांच्या वर्गात या हिशेबाने चार जण दर थोड्या दिवसांनी ओल्या अंथरुणातून उठून तुमच्या प्रार्थनेला येत होते. तुम्हाला त्यातला एक तरी ठाऊक होता? नसणारच. आमच्या वेळी असं नव्हतं असं जे सगळे म्हणतात ना, ते याच्यामुळे. तेव्हाही होतं, फक्त घराच्या उंबऱ्याबाहेर येत नव्हतं. साताऱ्या-पुण्याकडचं सोडा, आपल्या सातपुड्यातून, धडगाव-अक्कलकुव्याकडून सहा वर्षांची लेकरं आश्रमशाळेत राहायला येतात. पहिल्या इयत्तेतलं पोर, आई शेकडो मैल नसली तरी डोंगरापलीकडे, शेजारी अनोळखी पोरं, आणि सकाळी चादर ओली. एकदा "मुतऱ्या" नाव पडलं की दहावीपर्यंत पुसत नाही. लाजेनेच सुटत असतं तर वसतिगृहात हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच संपला असता.

लाज का चालत नाही? कारण लाज वाटायला माणूस जागा असावा लागतो. दिवसाची शू आपण शिकवतो, पोर शिकतं. रात्रीची शिकवता येत नाही, ती शरीराच्या वाढीने येते. झोपेत मेंदू व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतो, त्याने मूत्रपिंडं रात्री लघवी कमी तयार करतात. काही मुलांत ही व्यवस्था उशिरा बसते. काहींची लघवीची पिशवी वयाच्या मानाने कमी धरते. आणि पिशवी भरल्याची खबर झोपेतल्या मेंदूपर्यंत जाऊन जाग यायला हवी, ती येत नाही. बहुतेक घरांत तुम्ही ऐकलं असेल, "याच्या कानाशी ढोल वाजवला तरी उठत नाही." तेच हे. यातलं काहीही पोराच्या हातात नाही. दुधाचा दात रागावून पडत नाही तसंच हे आहे.

आणि हे रक्तातही असतं. आई-बाप दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता पाऊणशे टक्क्यांच्या घरात जाते, एकालाच असेल तर चाळीसेक टक्के, कोणालाच नसेल तर पंधराएक. १९९५ साली डेन्मार्कच्या संशोधकांना काही कुटुंबांत याचा धागा तेराव्या गुणसूत्रावर सापडला. मुलग्यांत हे मुलींच्या जवळपास दुप्पट दिसतं. तेव्हा नातवावर चिडण्याआधी चिरंजीवांचं बालपण आठवून बघा. असलंच काही, तर बापानेच पोराला एकांतात सांगावं, "मलाही व्हायचं रे." या एका वाक्याने पोराच्या खांद्यावरचं ओझं जेवढं उतरतं तेवढं माझ्या दहा लेखांनी उतरणार नाही.

आता रात्री उठवण्याबद्दल. हे मी बघितलेलं आहे, तुम्हीही बघितलं असेल. आजी पोराला बखोटीला धरून मोरीत उभं करते, चड्डी खाली ओढते, तोंडाने "श्शू, श्शू" करते. पोराची मान छातीवर पडलेली, डोळे मिटलेले, एक हात आजीच्या पातळाला. शू होते. सकाळी त्याला विचारा, रात्री उठला होतास का? "नाही." तो खरंच उठलेला नसतो. त्या रात्रीपुरती गोधडी वाचते, एवढंच. आपण त्याला झोपेत उभ्या-उभ्या शू करायची सवय लावतो. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेने २०१० साली याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही हेच आहे: उठवल्याने किंवा उचलून नेल्याने मूल कायमचं कोरडं होत नाही, ती तात्पुरती सोय आहे. लग्नाला गेलात, पाहुण्यांच्या गादीवर झोपवलंय, तर जरूर उठवा. पण पूर्ण जागं करा, चालत न्या, नाव विचारा. आणि रोजचं व्रत करू नका, सुनेची झोप जाईल, हाती काही लागणार नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं आपल्या भागात धोक्याचं आहे. झोपायच्या आधी तासभर तांब्याभर पाणी नको, हे ठीक. पण दिवेलागणीपासून पाणी बंद? मे महिन्यात, भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा? संध्याकाळी उन्हं उतरल्यावर तर पोरं खेळायला बाहेर पडतात. घामाघूम होऊन आलेल्या लेकराला पाणी नाकारायचं हे मला कोणी सांगितलं तरी मी करणार नाही.

खरी गडबड दिवसा असते. मार्चमध्ये कधी तरी नातवाची वॉटरबॅग शाळेतून आल्यावर उचलून बघा. सकाळी भरून दिलेली तशीच भरलेली परत येते. का? शाळेतला संडास घाण, कडी मोडलेली, पाणी नाही, किंवा बाई मधल्या सुट्टीशिवाय सोडत नाहीत. पोरं हुशार असतात, पाणीच पीत नाहीत. मुली तर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच लघवी दाबून ठेवतात. मग घरी येऊन गटागटा पाणी, रात्री जेवताना परत पाणी, आणि दिवसभराचं सगळं पाणी रात्री नऊनंतर पिशवीत जमा होतं. वर दिवसभर दाबून ठेवायची किंवा घाईघाईत थोडी-थोडी करायची सवय लागली की पिशवी नीट ताणायला आणि पुरती रिकामी व्हायला शिकतच नाही. त्यामुळे पहिला उपाय सकाळचा आहे: चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला एक लिटर ते एक लिटर चारशे मिली पातळ पदार्थ लागतात, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि त्यातला मोठा वाटा दुपारच्या आत गेला पाहिजे. दर दोन-तीन तासांनी शू, लागली असो नसो. तुम्ही मुख्याध्यापक होता. गावातल्या शाळेत जाऊन संडासाच्या कडीबद्दल तुम्ही बोललात तर ऐकतील, मी बोलले तर चहा पाजून पाठवतील.

चहावरून आठवलं. आपल्याकडे संध्याकाळी पोराच्या हातातही बशी असते, त्यात टोस्ट बुडवलेला. चहाने लघवीची घाई होते, संध्याकाळी तो बंद करा. रात्रीच्या जेवणाला शेवभाजी, काळ्या मसाल्याचा रस्सा आणि वर पापड असेल तर पोर पाणी मागणारच, आणि खारटाचं पाणी रात्रीच बाहेर पडणार. तिखट-खारट दुपारी घ्या, रात्री मुगाची खिचडी. आणि गच्चीवर अंथरुणं टाकल्यावर टरबूज कापायचा तो कार्यक्रम, मला स्वतःला फार आवडतो, पण नातू आला असेल तेव्हा तो चार वाजता उरका.

दुसरी गोष्ट कोणी विचारतच नाही ती म्हणजे पोट साफ होतं का. लघवीच्या पिशवीच्या अगदी मागे मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक आहे. तिथे घट्ट मळ साठला की तो पिशवीला दाबतो, तिला भरायला जागा राहत नाही. "रोज जातो की" म्हणून भागत नाही. रोज जाऊनही शेळीच्या लेंड्यांसारखं होत असेल, दुखत असेल, तर ती बद्धकोष्ठताच. काही मुलांत नुसतं पोट सुरळीत केल्यावर रात्री कोरड्या जायला लागतात. कळण्याची भाकरी, पालेभाजी, पेरू, पपई, आणि परत तेच, दिवसा पाणी. पाकिटातली कुरकुरीत वस्तू कमी. तुमच्यासारखी जुनी घरं असतील तिथे संडास परसात, रात्री अंधार. पोर भीतीने जातच नाही, हेही तपासा. चाळीस रुपयांचा दिवा लावून प्रश्न सुटलेला मी पाहिलाय.

तिळाचा लाडू द्या हो, खुशाल द्या. तीळ-गूळ चांगलाच. त्याने अंथरूण कोरडं होत नाही, पण कोणाचं वाईटही होत नाही. फक्त तो "ओलं केलं नाही तर मिळेल" असा देऊ नका. झोपेत जे होतं त्यावर बक्षीस लावलं तर पोर हरतच राहतं. बक्षीस द्यायचं तर जे त्याच्या हातात आहे त्यावर द्या: वॉटरबॅग रिकामी आणली, झोपायच्या आधी शूला जाऊन आला, सकाळी ओली चड्डी स्वतः बादलीत टाकली.

हो, चड्डी बादलीत टाकणं चालेल. इथे आपलं दोघांचं जुळतं. पोराने चादर काढायला आईला हात लावावा, यात मला काही वावगं दिसत नाही. विहिरीवर सगळ्यांच्या देखत गोधडी नेणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्याला शिक्षा म्हणतात.

"वाट बघा" एवढंच मी सांगते असा तुमचा समज झालाय. पाच वर्षांच्या आत खरंच काही करायचं नसतं. त्यानंतर वर लिहिलं ते सगळं करायचं. आणि सात वर्षांच्या पुढे, किंवा त्याआधीही पोराला स्वतःलाच त्रास होत असेल, मामाकडे राहायला नको म्हणत असेल, तर बालरोगतज्ज्ञ. नऊ वर्षांच्या मुलाला रात्री डायपर घालून वर्षानुवर्षं गप्प बसणाऱ्या आया मलाही पटत नाहीत. त्यांच्यावर तुमचा राग आहे तो मला समजतो.

उपचार आहेत, आणि त्यातला सगळ्यात टिकाऊ उपचार गंमतीने सापडला. १९०४ साली फाउंडलर नावाच्या ऑस्ट्रियन बालवैद्याने दवाखान्यातल्या परिचारिकांसाठी एक युक्ती केली: अंथरूण ओलं झालं की घंटा वाजायची, म्हणजे त्यांनी येऊन पोर बदलावं. थोड्या दिवसांनी लक्षात आलं की घंटा वाजायची वेळच येईना, पोरं कोरडी राहायला लागली. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या माउरर पती-पत्नींनी त्याची पद्धतशीर उपचारपद्धती केली. आज चड्डीला लावायचा छोटा अलार्म मिळतो. पहिला थेंब लागला की वाजतो, पोर हळूहळू पिशवी भरल्यावर जागं व्हायला नाही तर रोखून धरायला शिकतं. तीनपैकी दोन मुलांना गुण येतो, पण दोन-तीन महिने चिकाटी लागते. आणि सुरुवातीला अलार्मने पोर सोडून सगळं घर उठतं! आईलाच उठून त्याला पूर्ण जागं करावं लागतं. बाप रेल्वेत रात्रपाळीला, एकाच खोलीत सहा माणसं झोपलेली, अशा घरात हे सोपं नाही, म्हणून घरची परिस्थिती बघून ठरवावं.

डेस्मोप्रेसिनची गोळीही असते, वर सांगितलेल्या संप्रेरकासारखं काम करणारी. घेतली त्या रात्री बऱ्याच मुलांना उपयोग होतो, सहलीला, लग्नाला फार कामाची. बंद केली की बरेचदा पुन्हा सुरू होतं. आणि ही गोळी मेडिकलवाल्याला विचारून आणायची नाही. ती घ्यायच्या एक तास आधीपासून ते घेतल्यानंतर आठ तासांपर्यंत पाणी अगदी घोटभरच चालतं, जास्त प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. उलट्या-जुलाब किंवा ताप असेल त्या दिवशी द्यायची नाही. इमिप्रामिन नावाची जुनी गोळी कोणी सुचवली तर घरात लहान भावंड कुठे हात घालेल याचा विचार करा, जास्त गेली तर थेट हृदयावर येते.

आता तुमच्या नातवाबद्दल, कारण खरा विषय तोच आहे. तुम्ही लिहिलंय की तो "मध्यंतरी चांगला होता आणि आता परत सुरू झालं." किती काळ चांगला होता? सहा महिने किंवा जास्त सलग कोरडा राहून परत सुरू झालं असेल तर ही गोष्ट वेगळी आहे. घरात बाळ आलं, शाळा बदलली, कोणी गेलं, असं काही झालं का ते बघा. पण त्याआधी लघवीची तपासणी करून घ्या, साधी आणि स्वस्त असते. लघवी करताना जळजळ, ताप, म्हणजे संसर्ग असू शकतो. सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरत असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी साखर तपासा, मुलांमधला मधुमेह असाच सुरू होतो. दिवसाही चड्डी ओली होत असेल, धार बारीक किंवा कुंथून होत असेल, कमरेच्या खाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका असेल, चालण्यात फरक पडला असेल, तर नुसतं वय वाढायची वाट बघायची नाही. मोठ्याने घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर तेही सांगा, घशा-नाकामागच्या गाठी वाढल्या की झोप बिघडते आणि त्यातून हे होतं.

सुनेला बोलू नका, ती बरोबर करतेय. त्यापेक्षा एक काम तुम्ही घ्या. दिवाळीच्या सुट्टीत नातू येणार म्हणालात. एक वही करा. दोन दिवस तो किती वाजता किती पाणी प्यायला आणि दर वेळी किती शू झाली ते मापाच्या भांड्यात मोजून लिहा. सात वर्षांच्या मुलाची पिशवी साधारण दोनशे चाळीस मिली धरते, वयात एक मिळवून तिसाने गुणायचं. त्याच्या मोठ्यात मोठ्या शूचा आकडा त्याच्या बराच खाली असेल तर ती माहिती डॉक्टरांच्या कामाची आहे. पंधरा दिवस फक्त एवढं लिहा: रात्र ओली की कोरडी, शौचाला झाली का, कशी झाली. पोरासमोर तोंड वाकडं न करता, हजेरीपट भरल्यासारखं. तपासणीला जाताना ती वही घेऊन जा. नेली नाही तर पहिल्या भेटीत डॉक्टर तीच करून आणायला सांगतील, आणि तुमची एक फेरी फुकट जाईल.